अक्का धुळ्याला काय म्हणाली

रेवा, ईशान,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. मराठीत लिहिते आहे, कारण जे केलं ते मी इंग्रजीत केलं. तेव्हा निदान सांगायला तरी दुसरी भाषा असावी. एखादं वाक्य अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही हे आजच कळेल.

आता का? रेवा, या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तू आली होतीस म्हणून. आपण अमळनेरहून रिक्षाने गावाला गेलो, शेवंता अक्काच्या ओट्यावर बसलो, आणि अक्काने तुला ती गोष्ट सांगितली. गोऱ्या साहेबाला तिने धुळ्याला कसं तोंडावर सुनावलं, आणि मी, तिची धाकटी चुलत बहीण, ते कसं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं, ती. साहेबाने घाम पुसला, असंही ती म्हणाली. घाम बहुधा मागच्याच वर्षी आला गोष्टीत, आधी नव्हता. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझे डोळे — काय सांगू — माझ्याकडे कोणी असं बघून फार दिवस झाले होते. “आजी, तू हे कधी सांगितलंच नाहीस!” आणि परतीच्या वाटेवर म्हणालीस, कॉलेजच्या अर्जाबरोबर द्यायच्या निबंधात मी हेच लिहिणार.

मी काय केलं? खिडकीबाहेर बघून म्हटलं, ऊन किती आहे गं.

तेव्हा आता सांगते. क्रमाने सांगायचा प्रयत्न करते. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात मिठाच्या बरणीनंतर साखरेचीच बरणी असते. पण ही गोष्ट हातात धरली की क्रम सुटतो.

रेवा, तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. बाबाची तिथली नोकरी करारावरची होती आणि करार संपत आला होता. राहण्याची परवानगी पुढे मिळेल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं. रोज फोनवर तो म्हणायचा, होईल गं आई. आणि मी रोज त्याच्या आवाजावरून ओळखायचे की झालेलं नाही.

त्याच सुमाराला तुम्ही राहता त्या देशाची आणि आपल्या सरकारची एका मोठ्या कराराची बोलणी चालू होती. व्यापाराचा आणि गुंतवणुकीचा करार. कोणत्या मालावर किती जकात, कोणाच्या कंपन्यांनी कुठे पैसा घालायचा, औषधं, दूध, कापड — आणि बियाणं. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं की एखाद्या वाणाची नोंद कोणाच्या नावावर झाली, की त्याचं बी परवानगीवाचून राखायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. आपल्याकडे शेतकऱ्याला बी राखायची, देण्याघेण्याची मोकळीक आहे. ती राहावी की जावी, याची रस्सीखेच दिल्लीत चालली होती. म्हणून दोन्ही बाजूंनी ठरवलं, लोकांचं ऐकून घ्यावं. खानदेशासाठी धुळ्याला एक दिवसाची बैठक ठेवली. दिल्लीहून एक अधिकारी येणार होते. ते तमिळनाडूचे, हिंदी जेमतेम. आणि त्या देशाने अभ्यासासाठी पाठवलेले एक पाहुणे. बायकांचं म्हणणं इंग्रजीत सांगायला कोणीतरी हवं होतं. जळगावात इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई कोण, तर मी.

मला किती आनंद झाला होता! फिकट राखाडी साडी स्वतः इस्त्री केली. आरशासमोर उभी राहून ‘बौद्धिक संपदा’ आणि ‘वाण’ यांचे इंग्रजी शब्द घोळवले. तुमचे आजोबा म्हणाले, “करार तूच करणार आहेस की काय?”

बैठकीआधी चहा झाला. पाहुणे साहेब सज्जन माणूस. बारीक दाढी, मऊ आवाज. माझ्या इंग्रजीचं त्यांना कौतुक वाटलं. मुलगा कुठे असतो विचारलं, मी सांगितलं. त्याच्या परवानगीचंही सांगितलं — कशाला सांगितलं? कोणी विचारलं होतं? ते सहज म्हणाले, या करारात शिकलेल्या माणसांच्या येण्याजाण्याचंही एक प्रकरण आहे. करार झाला तर तुमच्या मुलासारख्यांना सोपं जाईल.

बस्स, एवढंच. चहाच्या कपावरचं बोलणं. पण मी ते वाक्य गाठीला बांधून सभागृहात गेले.

तिथे गावोगावच्या बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या. खुर्च्या होत्या, पण बायकांनी त्या मागे सारल्या. आणि पुढच्याच रांगेत, पदर कमरेला खोचून, शेवंता अक्का. बचत गटाच्या बायकांबरोबर एसटीने आली होती. ती येणार हे मला माहीत नव्हतं.

“ए शके! आठे काय करी ऱ्हायनी तू?” असं ती तिथूनच ओरडली. तू इथे काय करते आहेस, म्हणून. सगळं सभागृह वळून बघायला लागलं.

अक्का माझ्या मोठ्या काकांची मुलगी. माझी आई आजारी असायची, तेव्हा मला न्हाऊ घालायची ती, माझ्या वेण्या घालायची ती. तिच्या ताटात जेवून मी मोठी झाले. आणि आमच्या घरात बोलायचे ती भाषा हीच — अहिराणी. तुम्ही मला ती बोलताना कधी ऐकलेलं नाही. तुमच्या बाबानेही क्वचितच. लग्न होऊन जळगावला आले आणि ती मी पेटीत ठेवल्यासारखी ठेवून दिली.

मी व्यासपीठावरून सगळ्यांनाच हात जोडले आणि म्हटलं, “नमस्कार. बसून घ्या.”

अक्का शेजारणीला कोपर मारून हसली, “ऱ्हाऊ दे माय, मोठी मॅडम व्हयी गयी ती!”

साहेबांनी विचारलं, ओळखता का यांना? मी इंग्रजीत म्हटलं, या भागातल्या बायका अशाच मोकळ्या स्वभावाच्या असतात.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की माझी चूक ती एवढीच. बहिणीला ओळख दिली नाही. वाईटच — पण माणसं करतात असं, नाही का? शहरात आलेली बरीच माणसं करतात. या चुकीच्या आडोशाला मी बराच काळ बसून राहिले. कारण तिच्या मागे दुसरी होती.

दुपारी जेवण झालं. कळण्याच्या भाकरी, भरीत, कांद्याची पात. साहेबांनी भरीत परत मागून घेतलं. मग मला काय चेव आला! आपलं हिरवं-पांढरं वांगं कसं असतं, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर ते कसं भाजतात, त्या धुराचा वास कसा उतरतो, बडगीत ते कसं ठेचतात, सगळं मी त्यांना सांगितलं. बडगीला इंग्रजीत शब्द नाही, तर लाकडाच्या खोलगट भांड्याचं वर्णन केलं. धुराच्या वासासाठी मला चांगला शब्द सापडला. तोही आठवतो. भरतासाठी माझ्याकडे शब्द होते, हे लक्षात ठेवा.

जेवणानंतर बियाण्याचा विषय निघाला. साहेबांनी विचारलं, भरताच्या वांग्याचं बी तुम्ही कुठून आणता? विकता का? कोणाला देता?

अक्का उठून उभी राहिली. तिला उभं राहून बोलायला आवडतं, आजही. तिला सगळंच बरोबर कळलं होतं असं नाही. करार झाला की परदेशातले शिपाई येऊन वाफे तपासणार, अशी तिची समजूत होती. पण पुढे ती जे म्हणाली ते असं:

“आम्ही बी इकतस नही, माय. आखाजीले आंडेर घर येस, जातांना तिना वटीमा बी टाकतस. तिनी सासूले इचारतस नही, सरकारले इचारतस नही. उद्या कोनी कागद लईसनी उना नि म्हने, हाई बी मनं शे — तर मी मनी आंडेरना वटीमा काय टाकू? कागद?”

आंडेर म्हणजे लेक. उद्या कोणी कागद घेऊन आला नि म्हणाला, हे बी माझं आहे, तर लेकीच्या ओटीत मी काय घालू, असं ती विचारत होती. अक्काकडे रीत अशी की थंडीत पहिल्या तोडीतली चांगली वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची, त्यांचं बी धुऊन राखेत घोळून ठेवायचं, आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकी सासरी निघाल्या की साडी-चोळीबरोबर ते ओटीत घालायचं. आमच्या गावचं वांगं शिरपूरपर्यंत गेलं ते असं, लेकींच्या ओटीतून. त्याला किंमत लावायची नाही. लावली तर लेक विकली असं होतं.

बायका “हां, बरोबर शे” म्हणायला लागल्या. अक्काला जोर आला. तिने साहेबांकडे बोट केलं.

“इचार त्या सायबले, तुनी मायनी तुले दूध पाजं, तवय कोनी परवानगी लिधी व्हती का?”

तुझ्या आईने तुला दूध पाजलं तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती का, विचार म्हणाली साहेबाला. सभागृह असं हसलं की माइक शिट्टी मारायला लागला. एक म्हातारी तर मागे कलंडलीच.

साहेब हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते. काय म्हणाल्या?

मी म्हटलं — तेव्हाचं माझं इंग्रजी फार नेटकं होतं — मी म्हटलं, या बाई सांगतात की बियाणं ही इथे एक सुंदर कौटुंबिक परंपरा आहे, बायकांना तिचा अभिमान आहे, आणि नव्या व्यवस्थेबद्दल त्यांना प्रशिक्षण मिळालं तर त्या स्वागत करतील.

प्रशिक्षण! अक्काने हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल.

आईच्या दुधाचं वाक्य पाहुण्याला कसं सांगायचं, असं मला वाटलं होतं का? हो, वाटलं. लाज वाटली. आणि इथे थांबता आलं असतं तर मी म्हटलं असतं की हे सभ्यतेपायी झालं. दुभाष्याने टोक थोडं बोथट केलं, काय बिघडलं? पुष्कळ दिवस मी इथेच थांबायचे. रात्री झोप लागली नाही की इथपर्यंत यायचे आणि परत फिरायचे.

पण साहेब हुशार होते. त्यांना काहीतरी खटकलं असावं, इतक्या हशाचा अर्थ एवढाच कसा? त्यांनी लेखणी ठेवली आणि मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: यांना स्पष्ट विचारा. या वाणाची नोंद झाली, आणि बी दुसऱ्याला द्यायला परवानगी लागली, तर यांची हरकत आहे का?

सरळ प्रश्न होता. अहिराणीत तो मला एका दमात विचारता आला असता. नव्हे, विचारायचीही गरज नव्हती. उत्तर अक्काने आधीच दिलेलं होतं, ते फक्त सांगायचं होतं.

मी अक्काकडे वळले. चहाच्या कपावरचं ते वाक्य माझ्या मनात होतं, अगदी स्पष्ट. तुमच्या बाबाचा फोनवरचा आवाज होता. आणि मी शुद्ध मराठीत विचारलं,

“अक्का, ते विचारतात, चांगलं, खात्रीचं बी मिळालं तर तुम्हाला चालेल ना?”

‘तुम्हाला’ म्हटलं मी तिला. जन्मात पहिल्यांदा.

अक्काने कपाळावर हात मारला. “चांगलं बी कोनले नको? तूबी काय इचारस!”

पुन्हा सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि साहेबांना सांगितलं, त्यांची काही हरकत नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि विषय कापसावर गेला.

झालं ते एवढंच. मी प्रश्न बदलला. उत्तर तिचंच होतं, खरंखुरं, तिच्या तोंडचं, पण ते मी दुसऱ्याच प्रश्नाखाली नेऊन ठेवलं. ती भाषा तिला येत नव्हती, ही भाषा त्यांना येत नव्हती. मधे मी एकटी होते. दोन्हीकडचा माझ्यावर विश्वास होता म्हणूनच मला ते करता आलं.

कोणाच्याच लक्षात आलं नाही असं नाही. तिथे एक इथलेच शेतकी अधिकारी होते, त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. बैठक संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, छान सांभाळून घेतलंत.” आणि मला बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

बाहेर अक्का माझी वाट बघत उभी होती. एसटी निघायची होती, बायका हाका मारत होत्या, तरी ती थांबली होती. तिने माझं मनगट धरलं.

“बठ्ठं सांगं ना वं सायबले? दूधनंबी?”

सगळं सांगितलंस ना, दुधाचंही?

मी म्हटलं, “हो अक्का. सगळं सांगितलं.”

“मंग तो हासना कसा नही?”

किती साधी शंका! माझ्या साऱ्या बनावाला तिथे भोक पडलं होतं, आणि ती बोटही घालत नव्हती, नुसतं विचारत होती. मी म्हटलं, “ती माणसं अशी हसत नाहीत गं.”

“लाजना व्हयी मंग!” मग लाजला असेल, म्हणून तिने माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि पळत जाऊन एसटीत चढली. खिडकीतून हात हलवत राहिली, गाडी वळेपर्यंत.

गोष्ट गावात पोचली ती अशी. अक्काच्या सुना, नाती, गटातल्या बायका, सगळ्यांना ती पाठ आहे. मी गेले की मला पाट देतात. एकदा तर शाळेतल्या मुलींसमोर उभं केलं, या आपल्या गावच्या, साहेबाला घाबरल्या नाहीत म्हणून. मी उभी राहिले. दोन शब्दही बोलले.

तुम्ही विचाराल, पुढे त्या कराराचं काय झालं? बोलणी थांबली, परत सुरू झाली, मी पेपरात वाचत राहिले. धुळ्याच्या बैठकीचं त्यांनी काय केलं, अक्काच्या नावावर कुठे काय लिहिलं गेलं, ते मी शोधलं नाही. शोधता आलं असतं, मला इंटरनेट वापरता येतं. नाही शोधलं.

तुमच्या बाबाचं काम पुढे झालं. त्याला त्याच्या कंपनीने ठेवून घेतलं, त्याचा कराराशी काही संबंध नव्हता. तेव्हा मी जे दिलं ते कशाच्याही बदल्यात दिलं नाही, असं निघालं. पण तो संबंध असता तर? तर माझं कृत्य कमी वाईट ठरलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर मला माहीत आहे.

अशा एका बैठकीने एवढा मोठा करार इकडचा तिकडे होत नाही, हेही मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. पण अक्काला ते माहीत नव्हतं. ती पहाटे उठून, भाकरी बांधून, दोन एसट्या बदलून सरकारला एक गोष्ट सांगायला आली होती. आयुष्यात एकदाच तिला सरकारने विचारलं. आणि तिने जे सांगितलं ते सरकारपर्यंत पोचलं नाही, कारण मधे तिची बहीण उभी होती.

अक्काला मी हे सांगितलेलं नाही. प्रत्येक आखाजीला ठरवते. प्रत्येक आखाजीला ती माझ्या ओटीत बी घालते, आणि ठरवलेलं राहून जातं. या वर्षी तिने रेवाच्या ओटीतही घातलं. विमानात नेता येणार नाही म्हणून रेवा ते माझ्याकडे ठेवून गेली. परवा अक्काचा फोन आला. तिला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे स्वतः ओरडून बोलते. “पोरनं बी पेरं का?” मी म्हटलं, पेरलं. हे मात्र खरं आहे. मागच्या अंगणात वाफा केला आहे, रोपं बोटभर झाली आहेत.

आणि तिचं ते बोलणं माझ्याजवळ आहे — ओटीचं, कागदाचं, आईच्या दुधाचं — एकही शब्द न गळता, तिच्या आवाजासकट. वर लिहिलं ते तसंच्या तसं आहे. इंग्रजीत ते अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

आजी